तासभर आटवलेली कॉफी

“अकरा,” आत्याबाई म्हणाल्या. “अकरा भरल्या आनि एक अर्धी.”

ट्रंकेचं झाकण भिंतीला टेकवून माझ्या ह्या सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. ट्रंक सासऱ्यांची, काळी, वर पांढऱ्या रंगानं नंबर, नाव आणि हुद्दा. आत त्यांचा गणवेश असेल, पदकं असतील, अशी लग्नापासूनची माझी समजूत. गणवेश होता, पण तळाशी. त्याच्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या रमच्या बाटल्या होत्या, बाळंतिणीनं बाळं निजवावीत तशा ओळीनं निजवलेल्या.

“एवढ्या कशाला जमवल्या आत्याबाई?”

“जमवतोय कोन? कार्डावर मिळत्यात. हक्काचं सोडायचं का?”

आमचं गाव साताऱ्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. घरटी एक माणूस पलटणीत. माझे सासरे सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि सहा वर्षांनी गेले. पेन्शनीबरोबर कँटीनचं कार्डही आत्याबाईंच्या नावावर झालं. दर महिन्याला गावातली जीप साताऱ्याला जायची, तिच्यातून त्या साबण, चहापूड, डोक्याचं तेल आणायच्या आणि बाटलीही. स्वतः कधी थेंब चाखला नव्हता. म्हैस अडली की जनावरांच्या डॉक्टरला एक, मुलाचे दोस्त आले की एक, पोराला सर्दी झाली की छातीला चोळायला बोटभर. बाकीच्या ट्रंकेत.

त्या रविवारी ट्रंक उघडायचं कारण म्हणजे आम्ही पुण्याला निघालो होतो. निदान सगळं गाव तसं धरून चालत होतं. माझे मिस्टर हवालदार होऊन सुटले आणि पुण्यात एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले. विश्रांतवाडीत त्यांनी दोन खोल्या बघितल्या होत्या. बुधवारी टेम्पो येणार, मंगळवारी म्हशींचं गिऱ्हाईक येणार. आमची मुलगी स्नेहल तेव्हा सहा वर्षांची, आवराआवरीत पायात पायात नको म्हणून मी तिला दोन दिवस माझ्या बहिणीकडे धाडली होती. राहिला होता तो फक्त रविवारचा फोन. दर रविवारी साडेपाचला शेजारच्या जगदाळे मास्तरांकडे मिस्टरांचा फोन यायचा. आज ते विचारणार होते, ‘टेम्पो सांगू ना?’ आणि मी ‘सांगा’ म्हणणार होते.

मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आरशालासुद्धा नाही.

त्याचं कारण गावाबाहेर पिंपरणीच्या झाडाखाली होतं. पत्र्याची एक खोली, तिच्यात काटा, किटल्या आणि फॅट काढायचं यंत्र. तीन वर्षांपूर्वी मी बायकांची दूध सोसायटी काढली होती. आधीच्या डेअरीत बाईनं दूध घातलं की फॅट हमखास कमी लागायची, म्हणजे दरही कमी. त्याच म्हशीचं दूध नवऱ्यानं नेलं की वाढायची. म्हशीला काय कळतंय कोण किटली नेतंय ते, असं मी एकदा तिथं चारचौघांत बोलले आणि मग बोललेलं निस्तरावं लागलं. तालुक्याला जाऊन यंत्र चालवायला शिकले. सात बायकांच्या बत्तीस झाल्या. सकाळ-संध्याकाळ साडेसहाला मी खोली उघडायची. यंत्राला हात लावणारी दुसरी बाई अजून तयार झालेली नव्हती. मी गेले की किल्ली आधीच्या डेअरीच्या चेअरमनकडे जाणार, हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. सोसायटीतल्या छबूनं तर आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आत्याबाई त्या खोलीत कधी आल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी किटली उचलून निघाले तेव्हा ओसरीवरून एवढंच म्हणाल्या, “सुभेदाराची सून आता किटल्या उचलनार.” त्यावर मी काही बोलले नाही, त्याही पुढं कधी बोलल्या नाहीत. तीन वर्षं आमच्यात या विषयावर चकार शब्द झाला नव्हता. त्यांना ते धंदे आवडत नाहीत, पुण्याला मुलाजवळ जायची घाई त्यांनाच जास्त आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

“ह्या पुन्याला न्ह्यायच्या?” त्यांनी विचारलं.

“टेम्पोत फुटतील.”

“वाटून टाकायच्या?”

“कुणाला? अकरा घरं निवडली तर बाकीची रुसतील.”

आत्याबाईंनी अर्धी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मिस्टर दिवाळीच्या सुट्टीत आले होते तेव्हाची उरलेली. थंडी पडली होती, दोस्त जमले होते आणि त्यांनी लेहला शिकलेली कॉफी माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवली होती. साखर घालून कडक कॉफी, तिच्यात रम, वरून सायीचा थर. दोस्त मिशा पुसत ‘वा हवालदार’ करत होते. आम्ही दोघी उंबऱ्याच्या आतून बघत होतो. वास मात्र घरभर झाला होता आणि तो वाईट नव्हता, हे मी तेव्हाच मनात कबूल केलं होतं.

“मालन,” आत्याबाई म्हणाल्या, “जयसिंगनं केली हुती तशी कॉफी तुला येती का?”

मला वाटलं, कुणी पाहुणा यायचाय. “कुणासाठी?”

“कुनासाठी म्हंजे? तू आनि मी. साठी उलटली माझी. नवऱ्यानं पिली, पोरानं पिली, डॉक्टरनं पिली. कार्ड माझ्या नावचं.”

ही बाई एकादशीला शेंगदाण्याचं सालसुद्धा उपासाला चालत नाही म्हणून निवडून टाकायची.

“आत्याबाई, साडेपाचला मास्तरांकडं जायचंय.”

“आत्ता अडीच वाजल्यात. लाव दार.”

मी पुढचं दार लावलं. कडी घालताना हसू यायला लागलं आणि भीतीही वाटली. शाळेत असताना परीक्षेआधी पेपर बघायला मिळाला असता तर असंच वाटलं असतं.

पातेलं मी गॅसवर ठेवलं. दूध सकाळचंच, आमच्या म्हशीचं, दीड लिटर. कॉफीची पुडी डब्याच्या मागं दडलेली होती. आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांची नाहीतर आजाऱ्याची. दुधाला कढ आला तशी मी बाटलीकडे बघत म्हटलं, “ते वरनं घालत होते. खाली उतरवल्यावर. कपात.”

“पुरुषांचं काय सांगती. कच्चं काय पोटात जायचं न्हाय.” आत्याबाई पदर खोचून पुढं झाल्या. “दूध कच्चं पीत न्हाय, पानी कच्चं पीत न्हाय, आनि हे कच्चं प्यायचं? सरक.”

भिंतीतल्या फळीवर सासऱ्यांचा एक छोटा पितळी पेला असायचा, अंगठ्याएवढा. त्यांनी तो घेतला, पदरानं पुसला आणि मापून चार पेले दुधात ओतले. हात जराही हलला नाही. दूध क्षणभर थबकल्यासारखं झालं आणि मग जो वास उठला, त्यानं माझं धाबं दणाणलं.

“आत्याबाई, रस्त्यापर्यंत जाईल हा.”

“मागचं दार उघड. गोठ्याकडं जाऊ दे.”

मी मागचं दार सताड उघडलं. थोरली म्हैस मान वर करून फुरफुरली, नाकपुड्या फुलवून दाराकडे बघत राहिली आणि रवंथ करायची विसरली. धाकटीनं शिंकून घेतलं. आत्याबाई पळीनं दूध ढवळत होत्या, कडेची साय खरवडून आत टाकत होत्या, बासुंदीला बसावं तशा. दुधाला कढ येत होते, जात होते. मी एकदा म्हटलं, “बास आता,” तर म्हणाल्या, “आटू दे.” दुसऱ्यांदा म्हटलं तर म्हणाल्या, “तुला कुठं जायचंय?” साखर घातली, कॉफी घातली, मग अर्ध्या जायफळापर्यंत किसणी चालवली. माझ्या माहितीत एवढं जायफळ चार कार्यांना पुरतं. तासाभरानं पातेल्यात निम्मं उरलं होतं, रंग जुन्या गुळासारखा.

“घे,” आत्याबाई म्हणाल्या. स्टीलचे दोन पेले भरून आम्ही चुलीच्या जुन्या ओट्याला टेकून बसलो.

पहिला घोट मी श्वास रोखून घेतला. गोड, घट्ट, कडवट, आणि मागून काहीतरी जळक्या उसासारखं. वाईट नव्हतं. दुसरा घोट घेतला. तिसऱ्याला कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“काय होतंय?” आत्याबाईंनी विचारलं.

“कान तापले.”

“चढती हाय मग.”

“तुम्हाला?”

“मला गुडघ्यात.” असं म्हणून त्या हसल्या. मला हसू फुटलं ते थांबेना. आत्याबाईंना मी असं दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं. त्यांचा डावीकडचा एक दात सोन्याचा आहे, हे मला लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्या दुपारी कळलं.

“हा दात कधी बसवला?”

“जबलपूरला. सुभेदारांनी. नवीन हुते तवा, लान्सनाईक.” त्यांनी पेल्यात बघितलं. “अठ्ठावीस वर्सं नोकरी झाली त्यांची. त्यातलं दीड वर्स मी त्यांच्यासंगं क्वार्टरला ऱ्हायले. बाकी हितं.”

“दीडच वर्ष?”

“दीडच. पयले दोन महिने ग्वाड वाटलं. मग सकाळी ते परेडीला गेलं की खोलीत मी आनि भिंती. शेजारीन पंजाबी, बोललेलं कळायचं न्हाय. रानात जायचं न्हाय, जनावर न्हाय, सोयरं न्हाय. म्या खिडकीतनं मानसं मोजायची. येकदा दोनशे सत्तावीस मोजली.” पेला त्यांनी खाली ठेवला. “हे म्या कुनाला सांगितलं न्हाय. आज चढली म्हनून सांगती.”

विश्रांतवाडीची खोली मिस्टरांनी सांगितली होती तशी डोळ्यांपुढं आली. तिसरा मजला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

“आता तू बोल,” आत्याबाई म्हणाल्या.

“मी काय बोलू?”

“काय बी. चढलीय तवर बोल. उद्या कुनी विचारलं तर म्या म्हनंन, मालन पिलेली हुती, मनावर घिऊ नका.”

असं सरळ सांगतील हे मला अपेक्षितच नव्हतं. मी पेल्यातली राहिलेली सगळी कॉफी एका दमात प्यायले. डोकं जड झालं होतं, जीभ मात्र हलकी. मी म्हटलं, “मला पुण्याला जायचं नाही.”

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता काहीतरी पडेल. काही पडलं नाही. म्हशीनं शेपटी मारल्याचा आवाज आला.

“का?”

“का म्हणजे काय आत्याबाई. तीन वर्षं झाली. बत्तीस बायका आहेत. किल्ली चेअरमनकडं गेली की पहिल्या आठवड्यात परत सगळ्यांची फॅट खाली. छबूच्या दुधाला सात लागते, तिला साडेपाच लावतील आणि वर तिलाच म्हणतील पाणी घातलंस. तिचा नवरा तिला मारेल. आणि मला ते काम आवडतं. मला सकाळी साडेसहाला ते दार उघडायला आवडतं. किटल्यांची रांग लागलेली असते, बायका भांडत असतात, मी गेले की गप्प होतात. माझ्यासाठी कोण कधी गप्प झालंय? मला जायचं नाही.”

रडायला लागले मी. रमनं रडू येतं असं ऐकलं होतं, ते पटलं.

आत्याबाईंनी पातेल्यातली उरलेली खरवड माझ्या पेल्यात ओतली. “आनि जयसिंगचं?”

“ते शनिवारी येतील, रविवारी जातील. एवढी वर्षं लेहहून वर्षातनं दोनदा आले, आता दर आठवड्याला येतील. स्नेहलची शाळा इथं आहे. मला कुठं त्यांना सोडायचंय?”

“मंग सांग की त्याला.”

“कसं सांगू? तुम्हाला मुलाजवळ राहायचंय. म्हातारपणी तुम्ही…”

“मला कुनी इचारलं?”

त्या एवढं शांतपणे म्हणाल्या की मी डोळे पुसायचे थांबले.

“त्यानं मला सांगितलं, आई, पुन्याला जायचं. तू भांडी बांधाय घेतलीस. म्हनलं, सुनंला जायची हौस हाय, नवऱ्याजवळ ऱ्हायाचं तिचं वय हाय, आपुन कशाला आडवं यायचं. म्या येवढी वर्सं हितं येकटीनं काढली, तिला कशापायी काढाय लावू.” त्यांनी नाक पदराला पुसलं. “म्हनून म्या बी ट्रंक उघडली.”

आम्ही दोघींनी मिळून घरातलं सामान बांधून ठेवलं होतं, आणि दोघींपैकी एकीलाही उंबरा ओलांडायचा नव्हता. मला वाटलं, बरं झालं प्यायलो. शुद्धीत असतो तर बुधवारी टेम्पोत बसलो असतो आणि विश्रांतवाडीच्या खिडकीतून जोडीनं माणसं मोजली असती.

सव्वापाचला आम्ही तोंड धुतलं. मी चार लवंगा चघळल्या, आत्याबाईंनी ओवा खाल्ला. मास्तरांच्या घरापर्यंत वीस पावलं, ती मी मोजून सरळ टाकली. आत्याबाई माझ्यापुढं अशा ताठ चालल्या होत्या की सुभेदारांनी बघितलं असतं तर सलामी दिली असती.

मास्तर पेपर वाचत होते. काकू आत भाकरी थापत होत्या. फोन वाजला तसा मास्तरांनी नेहमीसारखा उचलून माझ्यापुढं धरला, पण आत्याबाईंनी मधेच घेतला.

“जयसिंग, मी बोलती. मालन काय सांगती ते नीट ऐक. मधी बोलू नगं.” आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं त्याच सांगतील. रिसीव्हर घामानं घसरत होता. पलीकडून मिस्टर म्हणाले, “काय झालं? टेम्पो सांगू ना?”

“नका सांगू,” मी म्हटलं. मग जे दुपारी बोलले तेच सगळं परत बोलले, रडू वगळून. सोसायटी, किल्ली, छबू, शाळा, शनिवार. मास्तरांचा पेपर मधेच हलायचा थांबला. काकूंची भाकरी थापायची बंद झाली. मी बोलत राहिले.

शेवटी ते म्हणाले, “आई काय म्हणते?”

मी रिसीव्हर आत्याबाईंना दिला. “म्या हितंच हाय,” त्या म्हणाल्या. “तिच्यासंगं.”

मिस्टर तिकडून काहीतरी मोठ्यानं म्हणाले. आत्याबाईंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, तेव्हा मला आणि मास्तरांनाही स्पष्ट ऐकू आलं. “दोघी प्यायलाय का काय?”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पेपर तोंडापुढं धरला. पलीकडे मिस्टर हसायला लागले. फौजी माणूस, त्यांना वाटलं आईनं टोमणा मारला. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “मालनला दे.” मी कान लावला. म्हणाले, “आधी का बोलली नाहीस? मी खोलीवाल्याच्या पाया पडतोय इथं.” आवाजात राग होता, पण ऊन उतरताना असतं तसा, पुढं वाढणारा नव्हे. “शनिवारी येतो. बोलू.” शनिवारी ते आले, रविवारी गेले, आणि पुढची अकरा वर्षं तसेच येत-जात राहिले. भांडलोही आम्ही त्यावरून, खोटं कशाला सांगू. पण टेम्पो आला नाही.

त्या संध्याकाळी साडेसहाला मी नाका-तोंडावर पदर घट्ट गुंडाळून डेअरीत उभी राहिले. बायकांना वास येऊ नये म्हणून बोलतच नव्हते, नुसते आकडे बोटांवर दाखवत होते. छबूनं विचारलं, “दात दुखतोय का?” मी मान हलवली. “पुण्याला चांगले डॉक्टर असत्यात,” ती फणकारली. मी पदर न काढता म्हटलं, “मी पुण्याला चालले नाही.” तिनं किटली खाली ठेवली आणि तिथंच रांगेत मांडी घालून बसली.

ही गोष्ट नंतर मी पुष्कळांना सांगितली. सोसायटीला तालुक्याचं बक्षीस मिळालं तेव्हा सांगितली, स्वतःची इमारत झाली तेव्हा पेढे वाटताना सांगितली. दर वेळी बायका पोट धरून हसायच्या आणि मी शेवटी म्हणायची, “माझं काय नाही हो, रमची करामत.” मनातूनही तसंच मानत होते. धीर माझा नव्हताच, चार पेल्यांचा होता, असं. पुढं किती वेळा मोठ्या माणसांपुढं उभं राहून बोलायची वेळ आली, तेव्हा वाटायचं, आज ती कॉफी पाहिजे होती.

गेल्या दिवाळीत स्नेहल गोव्याहून आली. तिथं ती एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मोठ्या पदावर आहे. भाऊबीज आटोपली, दुपारी तिचे पप्पा आतल्या खोलीत घोरत पडले होते, आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. आत्याबाई आता पंच्याऐंशीच्या, खुर्चीत, पण कान शाबूत.

“आई, तुमची ती फेमस कॉफी मी आज नीट करून देते,” स्नेहल म्हणाली. तिनं कॉफी काढली, काळी आणि कडक. काचेचे तीन पेले गरम पाण्यानं धुऊन घेतले, तळाला साखर, वर कॉफी. गॅस बंद केला. मग बाटली उघडली.

“तू आत्ता घालणार?” मी विचारलं. “उकळायची नाही?”

“रम उकळतात का कुणी? नेहमी शेवटी घालायची, खाली उतरवून. तुम्ही काय केलं होतं?”

“तासभर आटवली.”

स्नेहल बाटली हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. “दुधात? तासभर? उघड्या पातेल्यात?”

“हो.”

“मग त्यात काय राहिलं गं? दारू पहिली उडून जाते. चव तेवढी राहिली असेल. तुमच्यापेक्षा जास्त तुमच्या म्हशींना चढली असेल.”

ती हसत पेल्यावर साय सोडायला लागली. मला हसू आलं नाही. मी खुर्चीकडे बघितलं. आत्याबाई मन लावून साय बघत होत्या, चमच्याच्या पाठीवरून कशी तरंगते ते.

“आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“उकळली की जाते ते.”

“जबलपूरला नवीन हुते तवा सुभेदारांची बाटली उकळून ठिवली हुती म्या,” त्या म्हणाल्या. “कच्चं पोटाला बाधंल म्हनून. त्यांनी पिली आनि कपाळाला हात लावला. म्हनले, इंदू, मारलीस की हिला. समदी पलटन महिनाभर हसत हुती.” त्या स्वतःशी हसल्या, तो दात दिसला. “तवापासनं ठावं हाय.”

“मग त्या दिवशी…” मला आठवले ते गरम कान, जड डोकं, ती घळाघळा आलेली आसवं. “मला तर चढली होती.”

“जायफळ हुतं ते. अर्धं घातलं हुतं.”

“म्हणजे मी शुद्धीत होते.”

“मंग काय. शुद्धीत हुतीस म्हनून तर फोनवर रडली न्हाईस.”

पंचवीस वर्षं मी ज्या चार पेल्यांचे उपकार मानत होते, ते मागच्या दारानं गोठ्यात गेले होते. बोलले ते मीच. मला एकदम भरून आलं, आणि जरा रागही आला. “पण पाजायचीच नव्हती तर एवढा घाट कशाला घातला? आणि घातलाच होता तर खरीच पाजायची. तुम्हाला कुणाची भीती होती?”

आत्याबाईंनी मला लहान पोरीकडे बघावं तसं बघितलं.

“सांजच्याला साडेसात वाजंपत्तर डेअरीत फॅट लावायची हुती तुला,” त्या म्हणाल्या. “पिलेल्या बाईच्या हातात कोन दूध घालंल? येक दिवस तोंडाला वास आला असता तर तीन वर्सांचं केलेलं गेलं असतं. चेअरमन वाटच बघत हुता.”

मी उभी होते ती खाली बसले. तेव्हा मी अजून तोंड उघडलं नव्हतं. दार लावायच्या आधी, पातेलं चढवायच्या आधी, मी जाणार की राहणार हे माझं मला धड माहीत नसताना, या बाईनं माझी संध्याकाळची डेअरी धरून ठेवली होती. तीन वर्षं जिच्याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या, ती डेअरी. त्यांचा हात मी धरला. तो थंड होता आणि हाडकुळा.

“सांगायचं तरी,” मी म्हटलं.

“तू इतकं रंगवून सांगायचीस. कशाला मोडायचं?” त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्नेहलकडे बोट केलं. “त्यो तिसरा पेला कुनाचा हाय?”

“तुमचा, आजी. पण तुमच्यात रम घालू की नको?”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “आज डेअरीत कोन हाय?”

“छबूची सून,” मी म्हटलं.

“मंग घाल,” त्या म्हणाल्या.